‘लागणे’ शिकवायचे कसे?

भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, रांग लागते. मुलाला नोकरी लागते, परीक्षेचा निकाल लागतो, घाटात एखाद्याला गाडी लागते. पैसे लागतात, वेळ लागतो, कोणाचे तरी बोलणे मनाला लागते. पाऊस पडू लागतो आणि भिजत घरी जावे लागते. मराठी घरात वाढलेले चार-पाच वर्षांचे मूल यातले बहुतेक ‘लागणे’ न अडखळता वापरते. तेच क्रियापद पुण्यात नोकरीसाठी आलेल्या तमिळ इंजिनिअरला किंवा अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत बसलेल्या मुलीला शिकवायची वेळ आली, की शिक्षकाची पंचाईत होते. शब्दकोश उघडावा, तर एकाखाली एक अर्थांची भली मोठी यादी. त्यातला आधी कोणता शिकवायचा? रोज कानावर पडणारा कोणता आणि क्वचित भेटणारा कोणता? व्याकरणाचे पुस्तक याबाबत गप्प असते. मुरलेल्या शिक्षकाकडे अंदाज असतो, पण अंदाजाची खातरजमा करायची कशी, हे त्यालाही सांगता येत नाही.

नेमका हाच प्रश्न इंग्रजी शिकवणाऱ्यांना पडला होता. त्यांनी त्यावर शोधलेल्या उत्तराचे नाव कॉर्पस.

कॉर्पस म्हणजे लोकांनी प्रत्यक्षात लिहिलेल्या आणि बोललेल्या भाषेचा साठा, संगणकाला शोधता येईल अशा रीतीने लावून ठेवलेला. हाताला लागेल तो मजकूर ओतला म्हणून कॉर्पस होत नाही. बातम्या किती, कथा-कादंबऱ्या किती, पत्रे, सरकारी अहवाल, ध्वनिमुद्रित करून उतरवून घेतलेल्या गप्पा किती, याचे प्रमाण आधी ठरवलेले असते. मग एखादा शब्द विचारला, की तो जिथे जिथे आला तिथली ओळ पडद्यावर येते. शब्द मधल्या रकान्यात, डावीउजवीकडे त्याच्या आसपासचे चार-सहा शब्द. या ओळींना कॉन्कॉर्डन्स म्हणतात. त्या डावीकडच्या किंवा उजवीकडच्या शब्दानुसार अकारविल्हे लावता येतात, आणि खरी गंमत तिथे सुरू होते, कारण सारखे वापर एकाखाली एक येऊन बसतात.

या कामाला शिक्षणाची दिशा दिली ती इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठाने. १९८० साली या विद्यापीठाने आणि कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने मिळून ‘कोबिल्ड’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्याचे प्रमुख होते जॉन सिंक्लेअर. त्यांचा आग्रह सरळ होता. शब्दकोशातली उदाहरणे संपादकाने आपल्या मनाने रचायची नाहीत, ती लोकांच्या वापरातूनच उचलायची. त्या काळचे संगणक, टंकलेखन आणि मजकूर वाचणारी यंत्रे पाहता हा आग्रह फार खर्चिक होता. तरी ७३ लाख शब्दांपासून सुरू झालेला साठा दोन कोटींपर्यंत गेला आणि १९८७ मध्ये त्यावर आधारलेला इंग्रजी शब्दकोश छापून आला. त्यात अर्थ पूर्ण वाक्यात दिलेले होते, म्हणजे शब्द कोणत्या रचनेत वापरतात हे अर्थ वाचतानाच विद्यार्थ्याच्या ध्यानात यावे.

सिंक्लेअर यांच्या हाती आलेल्या गोष्टींपैकी एक तर प्रत्येक भाषाशिक्षकाने जवळून पाहावी अशी आहे. इंग्रजीत ‘सेट इन’ असा वाक्प्रयोग आहे. काहीतरी सुरू होऊन ठाण मांडते, असा त्याचा कोशातला अर्थ. सिंक्लेअर यांनी त्याच्या सगळ्या ओळी एकाखाली एक लावल्या, तेव्हा दिसले की ठाण मांडणाऱ्या गोष्टी बहुतेक सगळ्या नकोशा आहेत: सड, कुज, निराशा, रोगाचा संसर्ग. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही विचारल्यावर हे चटकन सांगता आले नसते. मराठीत ‘ओढवणे’ घ्या. संकट ओढवते, नामुष्की ओढवते, उपासमार ओढवते, बाका प्रसंग ओढवतो. ‘त्याच्यावर आनंद ओढवला’ असे कोणी म्हणत नाही. ‘माजणे’ही त्याच जातीचे, कारण गोंधळ माजतो, खळबळ माजते, हाहाकार माजतो. मराठी माणसाला हे जन्मतः ठाऊक असते, म्हणूनच शिकवताना सांगायचे सुचत नाही. शिकणारा मात्र कोशातला अर्थ पाहून ‘शहरात शांतता माजली’ असे लिहून मोकळा होतो.

सिंक्लेअर यांचे पुढचे म्हणणे आणखी मोठे होते. माणूस बोलताना एकेक सुटा शब्द निवडून व्याकरणाच्या नियमाने जोडत बसत नाही, तो बरेचसे बोलणे तयार जुळण्यांमधून उचलतो. पाऊस मुसळधार, थंडी कडाक्याची, ऊन रणरणते, काळोख मिट्ट. विशेषणांची अदलाबदल केली तर व्याकरण मोडत नाही, पण ऐकणाऱ्याला लगेच कळते की बोलणारा परका आहे. शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून होते, हा विचार सिंक्लेअर यांच्याआधी जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने मांडला होता. हे फर्थ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. फर्थ यांच्याकडे विचार होता. तो लाखो ओळींवर पडताळून पाहण्याचे साधन सिंक्लेअर यांच्या पिढीला मिळाले.

कोशकार आणि संशोधक यांच्या हातातले हे साधन थेट विद्यार्थ्यांच्या हाती दिले ते बर्मिंगहॅम विद्यापीठातल्याच टिम जॉन्स यांनी. परदेशांतून उच्च शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्यांना ते इंग्रजी शिकवत. ‘कन्व्हिन्स’ आणि ‘पर्स्वेड’ यांत फरक काय, हा या वर्गातला एक प्रश्न त्यांच्या १९९१ च्या लेखामुळे पुढे बराच गाजला. दोन्हींचा अर्थ मन वळवणे, पटवणे असाच काहीसा. जॉन्स यांनी व्याख्या सांगितली नाही. दोन्ही शब्दांच्या कॉन्कॉर्डन्स ओळी छापून त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या आणि उजवीकडे काय येते ते पाहा म्हणून सांगितले. थोड्या वेळात चित्र दिसू लागते. ‘पर्स्वेड’नंतर बहुधा काहीतरी करण्याची गोष्ट येते, म्हणजे एखाद्याला अमुक करायला राजी केले. ‘कन्व्हिन्स’नंतर बहुधा एखादे म्हणणे येते, म्हणजे अमुक खरे आहे हे पटवले. दोन्हींची हद्द काही ओळींत पुसट होते, तेही विद्यार्थ्यांना तिथेच दिसते. या पद्धतीला जॉन्स यांनी ‘डेटा-ड्रिव्हन लर्निंग’ असे नाव दिले. प्रत्येक विद्यार्थी शेरलॉक होम्स झाला पाहिजे, असे ते म्हणत. शिक्षकाने उत्तर देण्याआधी पुरावा समोर ठेवायचा आणि नियम विद्यार्थ्याला काढू द्यायचा. १९९३ मध्ये माइक स्कॉट यांच्यासोबत त्यांनी साध्या घरगुती संगणकावर चालणारा ‘मायक्रोकॉन्कॉर्ड’ हा प्रोग्रामही बाहेर आणला.

अशा शिकण्याचा उपयोग होतो का? २०१७ मध्ये अॅलेक्स बोल्टन आणि टॉम कॉब यांनी तोवर झालेल्या ६४ अभ्यासांचे आकडे एकत्र करून तपासले. कॉर्पस वापरून शिकणाऱ्यांची प्रगती इतर पद्धतींनी शिकणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळली, आणि फरक संख्याशास्त्राच्या मापाने मोठाच होता. या अभ्यासांमधले बरेच विद्यार्थी विद्यापीठाच्या वयाचे होते, हे विसरता कामा नये. सातवीच्या मुलापुढे शंभर तुटक ओळी टाकल्या तर ते गोंधळेल. तिथे शिक्षकानेच दहा सोप्या ओळी निवडून कागदावर द्याव्या लागतात.

कॉर्पसचा दुसरा उपयोग पडद्यामागचा आहे: काय शिकवायचे आणि आधी काय, हे ठरवणे. शब्दांच्या वारंवारतेच्या याद्या संगणकाच्या आधीपासून होत्या. एडवर्ड थॉर्नडाइक यांची दहा हजार शब्दांची यादी १९२१ ची. ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केलेल्या मायकेल वेस्ट यांची सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी १९५३ ची. कोबिल्डच्या आकड्यांवरून डेव्ह विलिस यांनी दाखवले, की इंग्रजीतले पहिले ७०० शब्द कोणत्याही सामान्य मजकुराचा सुमारे ७० टक्के भाग व्यापतात. विलिस पतिपत्नींनी त्याच ७०० शब्दांभोवती पहिल्या पातळीचे पाठ्यपुस्तक रचले. पुढे नॉटिंगहॅमच्या रोनाल्ड कार्टर आणि मायकेल मॅकार्थी यांनी ५० लाख शब्दांच्या नुसत्या संभाषणांचा कॉर्पस उभा केला. पाठ्यपुस्तकातली माणसे बोलतात तशी खरी माणसे बोलत नाहीत, हे त्यातून उघड झाले. खऱ्या बोलण्यात वाक्ये अर्धवट सुटतात आणि समोरच्याला सांभाळून घेणारे छोटे शब्द जागोजागी येतात. मराठीतले ‘म्हणजे’, ‘बरं का’, ‘ना’, ‘तर मग’, ‘अहो’, ‘असू दे’ हे त्याच कामाचे शब्द. मराठी शिकवणाऱ्या पुस्तकांत त्यांना फारसे स्थान नसते आणि त्यांच्यावाचून एक मिनिटही मराठीत बोलता येत नाही. ही उणीव ताबडतोब भरून काढण्यासारखी आहे.

या सगळ्यात महाराष्ट्राचा वाटा आहे आणि तो फार थोड्यांना माहीत आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात हेन्री कुचेरा आणि नेल्सन फ्रान्सिस यांनी १९६१ साली छापलेल्या अमेरिकन इंग्रजीचे ५०० नमुने, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे, घेऊन दहा लाख शब्दांचा पहिला संगणकीय कॉर्पस केला. ब्रिटिश इंग्रजीसाठी तसाच दुसरा झाला. त्याच साच्यावर भारतीय इंग्रजीचा कॉर्पस कोणी केला? कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात, प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली. १९७८ साली भारतात छापलेल्या इंग्रजी मजकुरातून त्यांनी दहा लाख शब्द जमवले. मूळ साच्यात कादंबऱ्यांचे जे पोटप्रकार आणि त्यांचे जे प्रमाण होते, ते भारतीय इंग्रजी लेखनाला जसेच्या तसे लागू पडेना, म्हणून ते इथल्या परिस्थितीप्रमाणे बदलावे लागले. जगभरच्या भाषाशास्त्रात तो ‘कोल्हापूर कॉर्पस’ याच नावाने ओळखला जातो. भारतीय इंग्रजी ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीहून कुठे वेगळी आहे, हे मोजून सांगायचे झाले की अभ्यासक आजही त्याकडे वळतात.

त्याच्याही आधी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संगणकाशिवाय असेच काम सुरू झाले होते. डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये आरंभलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे १,५०० ग्रंथांमधून शब्द वेचले गेले. प्रत्येक शब्दाची त्याच्या संदर्भासह स्वतंत्र चिठ्ठी केली गेली, आणि अशा चिठ्ठ्या भरल्या सुमारे एक कोटी. कॉन्कॉर्डन्सची ओळ आणि ही चिठ्ठी यांमागची शिस्त एकच: शब्दाचा अर्थ सांगण्याआधी तो कुठे, कसा आला हे दाखवा.

मग मराठीचे काय? केंद्र सरकारच्या १९९१ च्या योजनेत भारतीय भाषांचे प्रत्येकी सुमारे ३० लाख शब्दांचे कॉर्पस करायचे ठरले, तेव्हा मराठीचे काम डेक्कन कॉलेजकडेच आले. नंतर म्हैसूरचे भारतीय भाषा संस्थान आणि इंग्लंडमधले लँकेस्टर विद्यापीठ यांच्या संयुक्त साठ्यातही मराठी आली. अलीकडे यंत्रानुवाद आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जालावरून वेचलेले मराठीचे कोट्यवधी शब्द संशोधकांना उपलब्ध आहेत. म्हणजे मजकुराचा दुष्काळ आता राहिलेला नाही. शिक्षकाला वर्गात उघडता येईल अशा रूपात मात्र तो पोचलेला नाही.

यातली पहिली अडचण भाषेच्या घडणीतच आहे. इंग्रजी ‘हाउस’ शोधला, की फार तर दोन-तीन रूपे पाहावी लागतात. मराठीत ‘पाणी’ शोधले तर ‘पाण्यात’, ‘पाण्याला’, ‘पाण्यावाचून’, ‘पाण्यासारखे’ यांपैकी एकही हाती लागत नाही, कारण सामान्यरूप झाले की शब्दाचा चेहराच बदलतो. त्यासाठी प्रत्येक रूपामागचा मूळ शब्द ओळखणारा प्रोग्राम लागतो. मुंबईच्या आयआयटीत मराठीसाठी अशा साधनांवर आणि मराठी शब्दजालावर बरीच वर्षे काम झाले आहे. दुसरी अडचण साठ्याच्या स्वभावाची. जालावरची मराठी मोठ्या प्रमाणात बातम्यांची आहे. तिच्यावरून पाठ्यपुस्तक रचले तर विद्यार्थी ‘कारवाई करण्यात आली’ हे आधी शिकेल आणि ‘चहा घेणार का?’ नंतर. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांचा आवाज तर अशा साठ्यात जवळजवळ ऐकूच येत नाही. कॉर्पस जे सांगतो ते त्याच्यात भरलेल्या मजकुरापुरते खरे असते, हे भान सुटले की आकडे दिशाभूल करतात.

या पद्धतीवरचे आक्षेपही वजनदार आहेत. भाषाशिक्षणाचे अभ्यासक हेन्री विडोसन यांनी दाखवून दिले, की मूळ प्रसंगातून उपटून काढलेली ओळ अस्सल असली तरी शिकणाऱ्याला ती जिवंत वाटेलच असे नाही. कोणाचे, कोणाशी, कशावरून बोलणे चालले होते, हे तिच्यातून गळून गेलेले असते. शिवाय जे वारंवार येते तेच आधी शिकवावे, असेही नाही. ‘मदत करा’ किंवा ‘डॉक्टरांना बोलवा’ हे रोज कोणी म्हणत नाही, पण परक्या गावात पहिल्या दिवशीच ते यायला हवे. कॉर्पस पुरावा देतो, निवड शिक्षकालाच करायची असते.

आता पुन्हा त्या सुरुवातीच्या क्रियापदाकडे. रोजच्या बोलण्यातली पुढच्यासारखी वाक्ये जमवून ‘लागणे’च्या डावीकडे काय येते, याप्रमाणे लावली तर:

बस चुकली म्हणून चालत जावं | लागलं |
मला रात्रीसुद्धा काम करावं | लागतं |
बाळ आता धावू | लागलं |
तो मोठ्याने हसू | लागला |
अर्ज भरायला दोन दिवस | लागले |
घरी पोचायला तासभर | लागतो |

पहिल्या जोडीत सक्ती, दुसरीत आरंभ, तिसरीत खर्ची पडलेला वेळ. पहिल्या जोडीत माणूस ‘मला’ होऊन येतो, म्हणजे ‘मला जावं लागलं’. दुसरीत तो कर्त्याच्या मूळ रूपात राहतो, म्हणजे ‘मी जाऊ लागलो’. तिसऱ्या जोडीतला ‘दोन दिवस’ काढून टाकला तर ‘ते अर्ज भरायला लागले’ असे वाक्य होऊ शकते आणि अर्थ एकदम आरंभाकडे झुकतो. एवढे सगळे सहा ओळींतून निघते आणि विद्यार्थी ते स्वतः शोधू शकतो. शंभर खऱ्या ओळी असतील तर यातला कोणता वापर किती नेहमीचा, हेही कळेल. व्याख्यानातून शिकवायचे म्हटले तर दोन तास जातील आणि लक्षात राहील त्याचा थोडाच भाग.

असाच साठा विद्यार्थ्यांच्या लेखनाचाही करता येतो. बेल्जियममधल्या लूव्हँ विद्यापीठात सिल्व्हियान ग्रेंजर यांनी १९९० पासून वेगवेगळ्या मातृभाषांच्या विद्यार्थ्यांनी इंग्रजीत लिहिलेले निबंध गोळा केले. कोणत्या भाषेचा विद्यार्थी नेमका कुठे अडखळतो, हे त्यातून दिसू लागले. मराठीत याची नितांत गरज आहे. हिंदीभाषक विद्यार्थी ‘माझी पुस्तक’ लिहितो, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत समोरचा माणूस धरलेला आहे की वगळलेला, हा भेद हिंदीच्या ‘हम’मध्ये नसतो, म्हणून तिथेही तो चुकतो. कानडी किंवा गुजराती घरातल्या मुलांच्या चुका वेगळ्या असतील. त्या गोळा करून पाहिल्या तर प्रत्येकासाठी वेगळा धडा लिहिता येईल.

सुरुवात करायला मोठा निधी लागत नाही. जपानमधल्या वासेदा विद्यापीठाचे लॉरेन्स अँथनी यांनी केलेला ‘अँटकॉन्क’ हा प्रोग्राम फुकट मिळतो आणि युनिकोड देवनागरी वाचतो. त्याच्या सेटिंगमध्ये मात्रा, अनुस्वार ही चिन्हेही शब्दाचाच भाग आहेत, असे मात्र सांगावे लागते, नाही तर शब्द मात्रेपाशी तुटतो. मजकुरासाठी मराठी विकिस्रोतावर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके आहेत, मराठी विश्वकोश जालावर खुला आहे. वर्गातल्या मुलांचे निबंध, नावे गाळून आणि पालकांची संमती घेऊन, टाइप करून ठेवले की विद्यार्थ्यांच्या मराठीचा छोटा साठाही तयार होतो.

महाराष्ट्रातल्या सर्व शाळांमध्ये मराठी शिकवणे २०२० च्या कायद्याने सक्तीचे झाले आहे. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. सक्तीच्या कायद्यामुळे मातृभाषा मराठी नसलेली असंख्य मुले आज मराठीच्या तासाला बसत आहेत. त्यांच्यासाठी बोलल्या जाणाऱ्या मराठीचा, सगळ्या बोलींना जागा देणारा आणि कोणत्याही शिक्षकाला फुकट उघडता येणारा कॉर्पस विद्यापीठांनी आणि राज्य शासनाने मिळून उभा करावा. हे काम कोल्हापुरात चार दशकांपूर्वी इंग्रजीसाठी होऊ शकले. मराठीसाठी ते आता व्हायला हवे, आणि ज्या मराठी शिक्षकांकडे विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्या पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत.